ठेंगणी खुर्ची

आमच्या घराचा इतिहास लिहायचा झाला तर तो सुनांवरून लिहावा लागेल. प्रत्येक सून येताना आपल्या काळाचं सामान घेऊन आली. आजीबरोबर कडीकुलपाची लाकडी पेटी आली, मायबरोबर खुर्ची आली, वहिनीबरोबर सोफासेट आला, आणि आता भाच्याची बायको येईल ती काय आणील देव जाणे. बहुतेक काहीच आणणार नाही. फक्त 'हे सगळं काढून टाका' एवढं म्हणेल आणि नवा काळ सुरू होईल.

मी बीडला पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते, त्यामुळं लोकांच्या बैठकीच्या खोल्या जितक्या मी बघितल्या तितक्या गावातल्या पुढाऱ्यांनीही बघितल्या नसतील. ते मतं मागायला जातात आणि पाणी पिऊन निघतात. मी टेप घेऊन जाते आणि खिडकीच्या मागची जाळीसुद्धा बघते. दाराला झालरीचे पडदे, शोकेसमध्ये कापसाची बाहुली आणि टीव्हीवर क्रोशाचा रुमाल दिसला की ते घर कोणत्या काळात थांबलंय हे मला लगेच कळतं. छताला पीओपीची फुलं आणि फुलांच्या आत निळे दिवे असले की कळतं, यांनी नुकताच प्लॉट विकला. परीक्षा घ्या माझी, मी चुकणार नाही.

पण या सगळ्या काळांमध्ये एकच चीज अशी होती, जी डोळ्यांसमोर असून मला कधी कळली नाही. ती म्हणजे मायची खुर्ची. त्या खुर्चीत मायला एकदा बसलेलं बघायचं, एवढीच माझी हौस होती. बघितलंसुद्धा. न बघते तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

आमचं गाव वडवणीपासून जवळ. मायचं माहेर चकलांब्याचं. तिचे वडील गेवराईच्या कचेरीत शिपाई होते. निजामाचं राज्य गेलं, साहेब बदलले, पण कचेरीतल्या खुर्च्या त्याच राहिल्या आणि त्या खुर्च्यांच्या मागं उभे राहणारे आमचे हे आजोबाही तेच राहिले. मायचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी बीडच्या एका मिस्तरीला गाठलं. मिस्तरीच्या बापानं जुन्या काळी कचेरीचं सामान बनवलेलं. त्याच नमुन्याची एक खुर्ची आजोबांनी लेकीसाठी करून घेतली. सागवानी लाकूड, कातीव पाय, बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी, पाठीच्या वरच्या पट्टीवर कोरलेली पानं. हातांची टोकं अशी गोल की तळवा ठेवला तर आपोआप मिटावा. ऐटबाज वस्तू होती. आमच्या गावात त्याआधी खुर्ची होती ती फक्त शाळेत, आणि तिचाही एक हात मोडलेला.

वऱ्हाडाच्या गाडीतून भांड्यांबरोबर ती खुर्ची उतरली तेव्हा आजी, म्हणजे दादांची आई, म्हणाली, "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. हिला ठिवायची कुटं?" दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात.

आजीचंही चूक नव्हतं. तो सगळा जमिनीचा काळ होता. सारवलेली भुई, त्यावर घोंगडं, पाहुणा मोठा असला तर जाजम, त्याहून मोठा असला तर लोड. माणसाचा मान तो कशावर बसला यावरून ठरायचा आणि त्या सगळ्या मानाची उंची मिळून चार बोटांच्या वर जात नव्हती. अशा घरात एकदम खुर्ची आली. तिला ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीच्या जागेत, ठेवलं. पहिल्यांदा आजोबा बसले, दादांचे वडील. उंचापुरा माणूस. बसले तसे त्यांचे गुडघे छातीशी आले. ते उठले, खुर्चीभोवती एक फेरी मारली, पुन्हा बसले. पुन्हा तेच.

"आरं, ही खुर्ची हाय का पाट हाय?" ते म्हणाले. "मिस्तरीला मापच कळलं न्हाई. लाकूड वाचवलं लेकाच्यानं."

सगळे हसले. पुढं कितीतरी वर्षं हे वाक्य आमच्या घरात चालत राहिलं. पाहुणा आला, खुर्चीत बसला, अवघडला, की कोणीतरी म्हणायचं, मिस्तरीनं लाकूड वाचवलं. पाहुणा हसायचा. दाराआड माय उभी असायची. ती हसायची की नाही हे कधी कोणी बघितलं नाही.

आणि माय? तिनं बसायचा प्रश्नच नव्हता. सासरा घरात असताना सून बाजेच्या कडेलासुद्धा टेकत नसे, खुर्ची तर लांबच. सासरे शेतात गेले तर दीर असायचे, दीर गेले तर गल्लीतलं कोणी ना कोणी म्हातारं ढाळजेत तंबाखू मळत बसलेलं असायचं. उंचावर बसलेली बाई म्हणजे माजलेली बाई, हा कायदा. कुणी लिहिला होता कुणास ठाऊक, पण कचेरीतल्या कायद्याहून कडक होता. माझ्या लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "माय, खुर्ची तुझी हाय ना? मंग तू कावून बसत न्हाईस?"

"माजी हाय म्हनून तर पुसते," ती म्हणाली.

रोज सकाळी पदराच्या टोकानं ती खुर्ची पुसायची. आधी पानांची पट्टी, मग हात, मग वेताची जाळी बोटानं हलकेच. दुपारी पुरुषमाणसं नसली की ज्वारी निवडायला सूप घेऊन ढाळजेत यायची आणि खुर्चीच्या पुढच्या पायाला पाठ टेकून खाली बसायची. माझ्या डोळ्यांपुढं माय येते ती अशीच. मागं रिकामी खुर्ची, पुढं सूप, आणि मायचा खांदा त्या कातीव पायाला लागलेला. मला वाटायचं, तिला टेकायला बरं पडतं म्हणून बसते.

आजोबा, आजी गेले. घर दादांच्या हाती आलं. आता तरी माय बसेल असं मला वाटलं, पण सासऱ्यांच्या जागी नवरा आला, एवढाच फरक. दादा वाईट नव्हते. मायवर कधी हात उगारला नाही, बाजारातून येताना तिच्यासाठी न चुकता शेव-चिवडा आणायचे. पण आपण खाली घोंगड्यावर आणि बायको खुर्चीत, हे त्यांच्या डोक्यात मावण्यासारखं नव्हतं. तसं कोणी त्यांना सुचवलंही नाही. माय सुचवणारातली नव्हती.

मग निवडणुका आल्या. तालुक्याचे पुढारी आमच्या गावात सभेला येणार होते आणि त्यांचा चहा आमच्या घरी ठरला. दादांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. अंगणात सडा टाकला, जाजम धुतलं, आणि लिंबाखाली खुर्ची मांडली. पुढारी आले. आडवातिडवा देह, पांढरं धोतर. ते खुर्चीत बसले आणि गुडघे वर आले. धोतर सावरता सावरता त्यांची तारांबळ उडाली. मागं पोरं फिसफिसली. पुढारी माणूस हुशार होता, त्यांनी हसून वेळ मारून नेली.

"पाटील, खुर्ची झ्याक हाय, पर मला पार जमिनीवर आनलं की तुमी," ते म्हणाले. सगळे हसले. दादाही हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी ते खुर्ची बैलगाडीत टाकून वडवणीला घेऊन गेले. संध्याकाळी परत आणली तेव्हा ती उंच झाली होती. चारी पायांखाली बाभळीच्या लाकडाचे तुकडे जोडले होते, सांध्यावर लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या, आणि सगळ्यावर एकसारखा लाल-काळा रंग फासला होता. सागवानाचा मूळ रंग गेला. कातीव पाय वर नाजूक आणि खाली ठोकळे. लुगडं नेसून पायात बूट घातल्यासारखं दिसत होतं. दादा मात्र खूश होते. मानाची खुर्ची ठेंगणी असून चालत नाही, असं त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं.

माय चुलीपुढून उठून बाहेर आली. खुर्चीकडं बघितलं. खाली वाकली, एका सांध्यावरून हात फिरवला, आणि परत आत गेली.  त्यानंतर तिनं ती खुर्ची कधी पुसली नाही. ज्वारी निवडायला ती परसात बसू लागली. त्या पट्ट्या पाठीला टोचत असतील, असं मी समजले.

पुढारी निवडून आले आणि आभाराला पुन्हा आले. या वेळी खुर्चीत ऐसपैस बसले, हातांच्या गोल टोकांवर तळवे ठेवले आणि म्हणाले, "पाटील, आता बसल्यावनी वाटतंय. असली खुर्ची आमच्या बंगल्यावर बी न्हाई." आता एवढं बोलल्यावर आमच्याकडचा माणूस काय करतो ते आमच्याकडच्यालाच माहीत. दादांनी हात जोडले. "मंग घिऊन जा की साहेब. तुमचीच हाय."

पुढाऱ्यांनी नको नको म्हटलं, जेवढं म्हणायचं असतं तेवढं. खुर्ची जीपच्या मागं चढली. गल्ली जमली होती. खुर्ची मायच्या माहेरची आहे, तिला विचारावं, हे त्या गर्दीत कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही आलं नाही, मी तर जीपच्या मागं पळत होते. पुढं कितीतरी वर्षं दादा बाजारात, लग्नात, एसटीत, कुणीही भेटलं की सांगायचे, आमची खुर्ची साहेबांच्या बंगल्यावर हाय. साहेबांनी दादांना त्यानंतर ओळख दिल्याचं मला तरी आठवत नाही. खुर्ची मिळाल्यावर माणसं बदलतात हे सगळ्यांना माहीत आहे. खुर्ची देऊन टाकणाराचं काय होतं, ते आम्ही बघितलं.

नंतरचे काळ भराभर आले. लोखंडी घडीच्या खुर्च्यांचा काळ. त्यांच्यात बोट सापडलं नाही असं मूल आमच्या पिढीत नसेल. मग लाल-निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मान स्वस्त झाला, लग्नात कुणीही कुठंही बसू लागलं. भावाचं लग्न झालं तेव्हा वहिनीबरोबर रेक्झिनचा सोफासेट आला. चॉकलेटी, बटणं ठोकलेला, उन्हाळ्यात मांड्यांना चिकटणारा. वहिनी पहिल्याच आठवड्यात दादांसमोर त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि टीव्ही बघू लागली. मी माहेरी आलेले होते. मी मायकडं बघितलं, आता काहीतरी होणार म्हणून. माय खाली भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. ती वहिनीला म्हणाली, "बस, बस माय. तुजाच हाय त्यो."

वहिनीनं तिला कितीदा तरी वर बोलावलं. "आत्या, तुमी बी या की वर." माय म्हणायची, "मला भुईच बरी." सवय झाली असेल असं आम्ही धरून चाललो. माणूस पन्नास वर्षं खाली बसला की लोक म्हणतात, त्याला खालीच आवडतं.

दादा गेले. भावानं गावचं घर बंद करून बीडला बंगला बांधला आणि फर्निचर केलं. आमच्याकडं फर्निचर आणत नाहीत, करतात. राजस्थानी कारागीर येतात, घरातच मुक्काम ठोकतात आणि भिंतीच दिसणार नाहीत इतकं प्लाय ठोकून जातात. एल आकाराचा सोफा आला. इतका खोल की माय त्यात बसली तर तिला बाहेर काढायला दोघं लागायचे. पडदे अर्थात मी शिवले. भावाला 'युरोपियन' हवे होते. मी म्हटलं, युरोपात बीडसारखं ऊन असतं का, अस्तर लावून घे.

त्याच सुमारास मायच्या गुडघ्यांनी राम म्हटला. जन्मभर भुईवर उठबस केलेले गुडघे. मोठ्या शहरात नेऊन दोन्ही बदलून आणले. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यापुढं खाली बसायचं नाही, पाटावर नाही, ठेंगण्या कशावरच नाही. उंच, ताठ बसायचं. म्हणजे जिला आयुष्यभर घरानं खुर्ची नाकारली, तिला म्हातारपणी डॉक्टरांनी जमीन नाकारली. भावानं तिच्यासाठी पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली. खुर्चीत बसल्या बसल्या ती खाली फरशीकडं बघत राहायची.

मी तेव्हा एकदा विचारलं, "माय, तुझी माहेरची खुर्ची असती तर?"

"आता कुटं असंल ती," ती म्हणाली. 

ती कुठं होती हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. भाच्याला, म्हणजे भावाच्या पोराला, नोकरी लागली म्हणून सगळे गेवराईच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो. आता जो काळ चालू आहे तो या हॉटेलांमध्ये बघायला मिळतो. याला जुना काळ म्हणतात. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर सूप, छताला कंदील, जात्यावर काच ठेवून केलेलं टेबल. ज्या वस्तू घराबाहेर काढायला लोकांना लाज वाटली नाही, त्या आत बघायला आता लोक रांगा लावतात. मी हे सगळं बघत नाक मुरडत होते, पडद्यांना खणाचं कापड लावलंय आणि शिलाई वाकडी मारलीय असं वहिनीला दाखवत होते, तेवढ्यात माय माझ्या शेजारून निघून गेली. काठी टेकत ती कोपऱ्याकडं चालली होती.

कोपऱ्यात लाल दोरी बांधून एक चौथरा केला होता. त्यावर समई, पानाचा डबा आणि मध्ये खुर्ची. वेताची जाळी केव्हाच गेली होती, तिथं फळी ठोकून वर पैठणीच्या काठाची चपटी गादी घातली होती. पण पाठीवरची पानं तीच होती. खाली बाभळीचे ठोकळे तेच, पट्ट्या त्याच. शेजारी पाटी होती. 'कृपया खुर्चीवर बसू नये.'

मायनं दोरीच्या वरून हात घातला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पानांची पट्टी पुसायला लागली.

"ओ आज्जी, हात लावू नका," वेटर ओरडला. "मालक कावत्यात."

मी काय बोलले ते आता इथं लिहीत नाही. माझा आवाज शिलाई मशीनवरून बोलायची सवय असलेला आहे, तो सगळ्या हॉटेलात ऐकू गेला. मालक आला. तरणा पोरगा, दाढी कोरलेली. त्या पुढाऱ्यांचा नातू. भाऊ मला गप्प करायला लागला, पण मी त्या पोराला सगळं सांगितलं. ही खुर्ची कुणाची, कुठून आली, कशी गेली. मला वाटलं होतं भांडण होईल. तसं काही झालं नाही. पोरगा ऐकून घेत होता. मग त्यानं स्वतः दोरी सोडली, पाटी उचलून बाजूला ठेवली.

"बसा आज्जी," तो म्हणाला. "तुमचीच हाय म्हनल्यावर काय. आमचं आजोबा बी सांगायचे, एका पाटलानं लई मनापासून दिल्ती."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी तिचा एक हात धरला, वहिनीनं दुसरा. चौथरा चढून ती वळली आणि बसली. जेवणारी माणसं बघत होती. भाच्यानं फोन काढला होता.

तिचे पाय खाली टेकले नाहीत. चौथऱ्यापासून वीतभर वर राहिले. चपला गळून पडल्या आणि तिचे ते भेगाळलेले छोटे पाय हवेत लोंबत राहिले. तिनं टाच खाली नेऊन बघितली, पुढं सरकून बघितलं. नाही टेकले. शाळेत पहिल्या दिवशी बाकावर बसवलेल्या पोरीसारखी ती दिसत होती. भाचा हसला. मग मायच हसली.

"टेकायचे," ती म्हणाली. "आदी बरोबर टेकायचे."

"आधी म्हणजे? तू कधी बसलीस?"

"चकलांब्याला. लग्नाच्या आदल्या दिशी." तिनं हातांच्या गोल टोकांवर तळवे ठेवले. तळवे मिटले. "त्याच्या म्हयनाभर आदी मिस्तरी घरी आल्ता. वडलांनी मला भिताडाला टेकवून बसवलं आन् त्याला म्हनले, हिच्या टाचंपासून गुडग्यापस्तोर माप घे. त्यानं सुतळी धरली. मी लाजले, तर वडील म्हनले, लाजतीस कावून? मी जलमभर दुसऱ्याच्या खुर्चीमागं हुबा ऱ्हायलो. तू दमलीस की बसत जा."

 मिस्तरीनं लाकूड वाचवलं, हे वाक्य माझ्या कानात वाजत होतं. सगळं घर, सगळं गाव, येणारा जाणारा प्रत्येक पाहुणा त्या वाक्यावर हसला होता. खुर्ची बाईच्या मापाची असेल ही शक्यता एकाही माणसाच्या डोक्यात आली नव्हती. ठेंगणी आहे म्हणजे चुकली आहे. उंच केली म्हणजे सुधारली.

"तू बोलली का नाहीस गं माय? सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुनाला सांगायचं? बसायची चोरी, तितं मापाचं काय सांगू?" मग थांबून म्हणाली, "वडील एकदा आल्ते बग, तुज्या बारशाला. ढाळजंत मामंजी बसलेले खुर्चीत. जाताना मला दाराआड इचारलं, बसतीस का गं? मी म्हनले, बसते की. रोज बसते." तिनं गादीच्या काठावरून हात फिरवला. "लई खुशीत गेले बिचारे. त्येंला तेवढंच ठावं हाय."

माझ्या पर्समध्ये टेप असतो. का काढला सांगता येणार नाही, हाताला सवय असते. मी खाली बसले आणि मायच्या टाचेपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंत टेप धरला. मग खुर्चीच्या पायाला लावला, बैठकीपासून लोखंडी पट्टीपर्यंत, जिथं सागवान संपून बाभूळ सुरू होते तिथवर. माप तेच आलं. एका दोऱ्याचाही फरक नव्हता. इतकी वर्षं मी लोकांच्या खुर्च्या मोजत आले, त्याच टेपानं मी तिथं डोळे पुसले.

तो मालक पोरगा म्हणाला, "घिऊन जा आज्जी खुर्ची. खरंच. टेम्पोनं घरी पोचती करतो."

"नेऊ माय," मी म्हटलं. "मी उद्याच सुतार बघते. हे खालचे ठोकळे कापून टाकू. होती तशी करू, तुझ्या मापाची."

मायनं आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला. ऑपरेशनच्या खुणांवर, साडीच्या वरून. काहीतरी समजावून सांगावं तसं ती मला म्हणाली, "आन् मंग तेवढ्या खालून उठवंल कोन मला?"

 डॉक्टरांचं बोलणं मीच रोज तिला फोनवरून ऐकवत होते, ठेंगण्या कशावर बसू नकोस म्हणून. टेबलावरचं जेवण निवत होतं. ती आणखी थोडा वेळ तशीच बसली, पाय हलकेच हलवत, पाठीवरच्या पानांना डोकं टेकवून. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. चपला शोधून पायात घातल्या. पदराच्या टोकानं गादी पुसली, हात पुसले, पट्टी पुसली, आणि त्या पोराला म्हणाली, "बांदून टाक बाबा दोरी. कुनी बसू नये म्हनून लिवलंय, तेच बरं हाय."